आकडा गावाचा, नाव माणसाचं

गोसीखुर्द धरणाच्या अल्याडपल्याडच्या गावांत मी आधी उपकेंद्रातली नर्स आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली. पवनी तालुका, भंडारा जिल्हा. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. पुढे वैनगंगा अडली, शेतं बुडाली, गावंच्या गावं उठून नव्या गावठाणात गेली. या सगळ्या उलथापालथीत माझ्या काखेत कायम एक रजिस्टर असायचं. कुणाचा खोकला पंधरवडा झाला तरी हटत नाही, कुणाच्या पाठीवर बधीर चट्टा आहे, कोणत्या पोरीची पाळी चुकली आहे, सगळं त्यात.

लसीवर, गोळ्यांवर, डॉक्टर जागेवर नसतात यावर गावात खूप बोललं जातं. या रजिस्टरवर कुणी बोलत नाही. सरकारला त्यातली माहिती वेळेवर पाहिजे, नाहीतर साथ कळणार कशी? आणि ज्याची ती माहिती, त्याला ती झाकलेली पाहिजे, नाहीतर तो पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढणार नाही. दोघांचंही म्हणणं खरं आहे. नव्याने लागलेल्या सिस्टर मला फोन करून विचारतात, म्हणून जे हाताशी आलं ते क्रमाने लिहून ठेवते.

१. फॉर्म हातात आला की आधी बघा, वर नाव मागितलंय की आकडा

देशात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि आमच्या वाट्याला एस फॉर्म आला. सोमवार ते रविवार आठवडा धरायचा. ताप, खोकला, हगवण, कावीळ किती जणांना, त्यात पाच वर्षांखालचे किती, वरचे किती. डॉक्टरांचा पी फॉर्म वेगळा, प्रयोगशाळेचा एल फॉर्म वेगळा. आमच्या त्या कागदी फॉर्मात रुग्णाच्या नावाची गरजच नव्हती. एका वाडीत एका आठवड्यात हगवणीचे रुग्ण अचानक वाढले, एवढं कळलं तरी पाण्याची टाकी तपासायला माणूस निघतो.

क्षयरोगाचं उलटं. तिथे निक्षय पोर्टलवर नाव, पत्ता, फोन, बँकेचं खातं सगळं लागतं, कारण कित्येक महिने औषध त्याच माणसाच्या हातात पडलं पाहिजे आणि मध्येच तो कामाला नागपूरला गेला तर तिथेही सापडला पाहिजे.

काही मुली आकड्याच्या फॉर्मसोबत नावांची यादी हौसेने जोडून पाठवतात. मी त्यांना एकच सांगते, मागितलेलं नसताना नाव पाठवू नका. ते पुढे किती टेबलांवरून फिरतं ते आपल्याला दिसत नाही.

२. लहान गावात नुसता आकडाही नाव सांगून जातो

ही गोष्ट कुठल्याच प्रशिक्षणात मला कुणी शिकवली नाही, आणि सगळ्यात जास्त कामाची हीच.

'स्त्री, वय ३४, रुग्ण १' असं तक्त्यात छापलं तर पुण्यात बसलेल्या अधिकाऱ्याला त्यातून कोण ते कळणार नाही. पण शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावात चौतिशीच्या बाया असतात किती? त्यातली दर महिन्याला भंडाऱ्याची एसटी धरणारी कोण, हे पानठेल्यावरच्या पोरालाही माहीत असतं. नाव न लिहिताही नाव फुटलं.

गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सभेत तर हे हमखास व्हायचं. सभा ग्रामपंचायतीत, खिडक्या उघड्या. मी वाचलं की "गावात नवीन कुष्ठरुग्ण एक," की लगेच कुणीतरी विचारणार, "कोन्त्या मोहल्ल्यातला जी?" विचारणारा वाईट नसतो, त्याला फक्त उत्सुकता असते. पण त्या उत्सुकतेची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. त्याच्या घरचं पाणी लोक प्यायचं सोडतात.

म्हणून मी असे एक-दोनचे आकडे गावापुरते कधी वाचलेच नाहीत. पूर्ण प्राथमिक आरोग्य केंद्राचे, म्हणजे पीएचसीचे मिळून वाचले, आठवड्याऐवजी वर्षाचे वाचले, आणि वय-लिंगाचे रकाने सभेच्या कागदावरून काढून टाकले. वर पाठवायच्या अहवालात मात्र जसं मागितलंय तसंच गेलं.

याला दुसरी बाजूही आहे. हगवण लागली, डेंगीचा संशय आला, तर वाडीसकट आणि त्याच दिवशी सांगावंच लागतं. तिथे मोघम बोलणारी सिस्टर गावाशी वाईट वागते. पाण्यातून किंवा डासातून उद्या शेजाऱ्यालाही होऊ शकतं ते वाडीसकट सांगा. एकाच्या रक्तात, एकाच्या अंगावर आहे ते मोठ्या आकड्यात मिसळून टाका. माझी वाटणी ही अशी होती.

३. सिस्टरची गाडी कुठे थांबते हेही लोक वाचतात

जुन्या गावांत घरं वेडीवाकडी, बोळ अरुंद. कुणाच्या परसदारातून मी कुठे शिरले ते पटकन कळत नसे. नव्या गावठाणात प्लॉट आखलेले, रस्ते सरळ, आणि या टोकाला गाडी उभी केली तर त्या टोकाहून दिसते. त्यात पुनर्वसनात शेजार बदललेला. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी बरंच पोटात घालायचा, नवा शेजारी मोजत बसतो.

मग मी एक रीत पाडली. ज्या घरी औषध द्यायचं त्याच्या आधीच्या दोन-तीन घरी थांबायचं, नंतरच्या दोन-तीन घरीही. कुठे बाळाचं वजन विचारायचं, कुठे आजीचा रक्तदाब बघायचा. डिझेल-पेट्रोल नाही लागत त्याला, फक्त अर्धा तास जास्त जातो. औषधाची पाकिटं पर्समध्ये, खाकी लिफाफ्यात. आशाताईलाही हेच शिकवलं.

४. पाण्याचं कार्ड चव्हाट्यावर, माणसाचं कार्ड पेटीत

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासणी होते आणि त्यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. हे कार्ड लपवून ठेवण्याकडे पुढाऱ्यांचा कल असतो, गावाची बदनामी नको म्हणून. माझं मत ठाम आहे की ते पंचायतीच्या दारावर लागलं पाहिजे, आणि शाळेच्या भिंतीवरही.

आमच्याकडे तर त्याची जास्तच गरज. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं, कन्हानमधून वैनगंगेत, आणि वैनगंगा पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात थांबते. काठावरचे ढीवर बांधव पाण्याचा रंग आणि वास बदलल्याचं किती वर्षांपासून सांगतात. अशा ठिकाणी नमुन्याचा अहवाल, काविळीचे आकडे, खरजेचे आकडे ही गावाच्या मालकीची माहिती आहे. ती मागायला गेलेल्या माणसाला "गोपनीय आहे" म्हणून परत पाठवणं मला कधी पटलं नाही. गोपनीयता रुग्णासाठी आहे, टाकी न धुणाऱ्यासाठी नाही.

५. सिकलसेलचं कार्ड फक्त ज्याचं त्याच्या हातात

इथे जरा थांबून लिहावं लागेल, कारण विदर्भात हा विषय घराघरातला आहे.

सिकलसेलच्या तपासणीत बोटाला टोचून सोल्युबिलिटी चाचणी होते, शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. आमच्याकडे वाहकाला पिवळं कार्ड, आजार असलेल्याला लाल. वाहक ठणठणीत असतो, त्याला स्वतःला सहसा काही होत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर मात्र प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी कळलेलं बरं, आणि म्हणूनच सरकार तपासणीच्या मागे लागलंय. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. चांगली मोहीम आहे. माझा प्रश्न तपासणीनंतरच्या पाच मिनिटांचा आहे.

एका शाळेत मी पाहिलं. वर्गात पोरं बसलेली, टेबलावर कार्डांचा गठ्ठा, आणि एक-एक नाव पुकारून कार्ड वाटणं चाललेलं. कार्ड रंगीत. न बोलता सगळ्या वर्गाला निकाल कळला. एका मुलीने कार्ड घेतलं, पटकन ओढणीखाली धरलं आणि जागेवर न जाता दारातून सरळ बाहेर गेली. संध्याकाळी तिची आई उपकेंद्रात आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "सिस्टर, कोनाले सांगू नोका जी. पोरीचं लगन व्हाचं हाये." वर्गातल्या चाळीस पोरांच्या घरी ते आधीच पोचलेलं होतं, आणि ती माऊली मला एकटीला विनवत होती.

त्यानंतर माझ्या हद्दीत कार्ड बंद पाकिटात, मुलगी आणि तिची आई समोर बसलेली असताना, दार लोटून द्यायचं असं ठरवून टाकलं. पाकिटं सगळ्यांना सारखी, निकाल काहीही असो. त्या दिवशी वेळ लागतो, वरून फोन येतो की आकडा का आला नाही. येऊ दे फोन.

मग सोयरीक जुळवणारे येतात. "बाई, अमक्याच्या पोरीचं कार्ड कोन्त्या रंगाचं?" मुलाचा बाप असतो, त्याची काळजी खरी असते, नातवाचा प्रश्न असतो. मी त्याला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि सांगायचे, "भाऊ, तुमच्या मुलाला घेऊन या, आपण त्याची तपासणी करू. मुलगा वाहक नसेल तर मुलीच्या कार्डाचा रंग विचारायचं कारणच उरत नाही." बहुतेकांच्या हे डोक्यातच आलेलं नसतं. सगळी चौकशी मुलीकडची, मुलाचं बोट मात्र कुणी टोचलेलं नाही. आणि दोघंही वाहक निघालेच, तर ते दोघांनी एकमेकांना सांगायचं. मी समजावून सांगायला बसेन, गर्भाच्या तपासणीची सोय सांगेन, पण एकाचा निकाल दुसऱ्याला मी देणार नाही.

आणखी एक. या आजाराचे आकडे जातवार मांडायची सवय जुनी आहे. संशोधकाला त्याची गरज असेल. पण गावात ते गेलं की अख्ख्या समाजावर शिक्का बसतो, आणि बाकीचे समजतात की आपल्याला तपासणी नको. आमच्या भागात तसं समजणाऱ्यांच्या घरातही लाल कार्डं निघाली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, प्रमाणपत्र मिळायला लागलं, आणि त्या सवलतीपायी काही घरांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली. सांगण्यात स्वतःचा फायदा दिसला की माणूस सांगतो.

६. क्षयरोग कळवावाच लागतो, पण तो गावाला कळवायचा नसतो

७ मे २०१२ च्या आदेशाने क्षयरोग कळवणं बंधनकारक झालं. १६ मार्च २०१८ च्या राजपत्राने ते आणखी कडक केलं. खाजगी डॉक्टर, लॅब, औषधाचं दुकान, सगळे त्यात आले, आणि न कळवणाऱ्यावर भारतीय दंड संहितेच्या २६९ आणि २७० कलमांखाली कारवाईची तरतूद झाली. मेडिकलवाल्याला तर २०१४ पासूनच क्षयाच्या औषधांची वेगळी नोंद ठेवावी लागते, डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावासकट.

रुग्ण विचारतो, "मग माझं नाव सरकारात गेलं ना?" हो म्हणायचं. खोटं बोलायचं नाही. नाव कुठे जातं, कोण बघतं, कशासाठी बघतं, हे नीट सांगितलं तर माणूस ऐकतो. निक्षय पोषणचे पैसे, जे आधी महिन्याला ५०० होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, ते त्याच नोंदीमुळे खात्यात येतात हेही सांगायचं. आणि पासबुकावर योजनेचं नाव उमटू शकतं, म्हणून पासबुक दुसऱ्याच्या हाती भरायला देऊ नका, हेही.

मला जास्त त्रास झाला तो फोटोंचा. २०२२ मध्ये निक्षय मित्र आले, धान्याची किट देणारे. मदत मोलाची, क्षयाच्या रुग्णाला खायला मिळणं म्हणजे अर्धं औषध. रुग्णाची संमती घ्यायची असं योजनेतच आहे. पण एका कार्यक्रमात रुग्णांना रांगेत उभं करून, हातात पिशवी देऊन, पाहुण्यांसोबत फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या मोबाइलवर. त्यातल्या एका तरुणाने पुढची किट घेतलीच नाही. मी ती त्याच्या घरी नेऊन दिली, अंधार पडल्यावर.

७. एचआयव्हीच्या कागदावर लाल शाई नको

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची स्थिती उघड करायची नाही, न्यायालयाचा आदेश किंवा कायद्यात दिलेले अपवाद सोडून, आणि नोंदी जपून ठेवायच्या, हे आता कायद्याने बांधलेलं आहे. तरी एका दवाखान्यात गरोदर बाईच्या केसपेपरवर लाल शाईने मोठं वर्तुळ मी पाहिलं. झाडूवाल्या मावशीपासून सगळ्यांना त्या वर्तुळाचा अर्थ माहीत होता.

कायदा इथपर्यंत यायला माणसं झिजली आहेत. गोव्याच्या डॉमिनिक डिसोझा यांनी रक्तदान केलं होतं, त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. १९८९ मध्ये पोलिस त्यांना घेऊन गेले आणि दोन महिन्यांहून अधिक काळ एकट्याला कोंडून ठेवलं, कारण तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. ते सुटले, पण न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही. १९९२ मध्ये ते गेले. पुढे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नोकरी नाकारलेल्या एका एचआयव्हीबाधित कामगाराचा खटला चालला, तेव्हा न्यायालयाने त्याला नाव न लावता, नुसत्या अक्षरांनी दावा लढू दिला. हायकोर्ट नावाऐवजी अक्षरं वापरू शकतं, तर उपकेंद्राच्या रजिस्टरात नंबर का चालू नये?

८. पोटुशी पोरगी दारात आली तर आधी दार लावा

गर्भपाताच्या नोंदीचे नियम चांगले आहेत. दाखल रजिस्टर गुप्त, बाकी कुठल्याही कागदावर बाईचं नाव नाही, फक्त क्रमांक. २०२१ च्या दुरुस्तीनंतर नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अडचण अल्पवयीन मुलीची. पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने कळवणं भाग, आणि त्या भीतीने मुलगी भलत्याच ठिकाणी जाते. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. हा निकाल माझ्या ओळखीच्या कितीतरी कर्मचाऱ्यांना ठाऊक नाही. सगळ्यांना ठाऊक व्हायला पाहिजे, म्हणून इथे लिहिते.

९. शिबिराची यादी दवंडीसारखी वाचू नका

भंडाऱ्यात हत्तीरोग आहे. रात्रीचे रक्तनमुने, वर्षाच्या गोळ्या, आणि हायड्रोसिलच्या ऑपरेशनची शिबिरं. पुरुष माझ्याजवळ ते बोलत नसत, एमपीडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी, भाऊंजवळ बोलत. मग ग्रामसभेत माइकवरून शिबिराची नावं वाचली की निम्मी माणसं शिबिराला येतच नाहीत. घरी जाऊन कानात सांगितलं की येतात.

१०. मोबाइलवर यादी टाकायला एक बोट पुरतं

करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायचे. तेव्हा घाबरलेले सगळेच होतो, आणि शिक्क्याने काही लोक घरात थांबलेही असतील. पण शिक्का धुऊन गेला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली यादी गेली नाही. नाव, वय, गाव, मोबाइल नंबर. यादी कुणी सोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका म्हातारीच्या दुधाचं गिऱ्हाईक त्या यादीपायी तुटलं ते परत जुळलं नाही.

तो सगळा कारभार १८९७ च्या साथरोग कायद्यावर चालला. पुण्या-मुंबईच्या प्लेगात आलेला तो कायदा सरकारला अधिकार देतो, रुग्णाच्या गुपिताबद्दल काही बोलत नाही. मुलींना मी सांगते, कामाचा ग्रुप वेगळा ठेवा, त्यात नावाऐवजी नंबर टाका, आणि पोरांना गेम खेळायला तो फोन देऊ नका.

११. तक्रार कुणाकडे, हे आधी ठरलेलं पाहिजे

खाजगी दवाखान्यांसाठी महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची, त्यात गोपनीयतेचा हक्क आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, पण तो डिजिटल माहितीपुरता आहे. लोखंडी कपाटातलं माझं जुनं रजिस्टर त्यात बसत नाही. आणि जुनी रजिस्टरं कुठे जातात? ओपीडीच्या रजिस्टरच्या पानात बांधलेले शेंगदाणे मी आठवडी बाजारात हातात घेतले आहेत. नावं वाचता येत होती. मुदत संपलेली रजिस्टरं रद्दीत न देता दोघांच्या सहीने जाळायची, एवढं तरी प्रत्येक पीएचसीने करावं.

एचआयव्ही कायद्यात तक्रार अधिकारी नेमायची तरतूद आहे, दवाखान्यात २० किंवा जास्त माणसं असतील तर. उपकेंद्रात आम्ही असतो दोघं-तिघं. गुपित फुटतं ते मात्र बहुतेक वेळा तिथेच, गावात. ज्याचं फुटलं तो सरपंचाकडे जाऊ शकत नाही, कारण तिथे गेला की आणखी फुटतं. माझी मागणी एवढीच की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी एक माणूस नेमावा, शक्यतो बाई, आणि तिचा फोन नंबर प्रत्येक उपकेंद्राच्या दारावर, लसीकरणाच्या फलकाशेजारी रंगवून घ्यावा. रंगाचा खर्च उपकेंद्राच्या अबंधित निधीतून निघतो.